कॅथलिक घरातील अंत्यविधीची सिद्धता

नाशिक हे शहर मृतांच्या सेवेशी फार पूर्वीपासून बांधले गेलेले आहे. रामकुंडावर दूरदूरच्या मुलखांतून अस्थींचे कलश येतात, वंशावळीच्या वह्या सांभाळणारे तीर्थोपाध्याय यजमानाला गाव आणि कुळ विचारून त्याच्या पणजोबाचे नाव काढून दाखवितात, आणि ज्याला विधीची तिळमात्र माहिती नाही अशा शहरी मुलालाही काय करावयाचे हे सांगणारा कोणी ना कोणी तेथे भेटतोच. याच शहरात राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला मात्र असा शेजार लाभत नाही. शरणपूर, नाशिकरोड, देवळाली, सातपूर अशा वस्त्यांतून ही घरे विखुरलेली आहेत. कोणाचे मूळ राहाता-संगमनेरकडचे, कोणाचे वसईचे किंवा गोव्याचे, कोणी मंगळूर वा केरळहून नोकरीनिमित्त आलेले. घरात मृत्यू घडला की शेजारीपाजारी धावून येतात, खांदा द्यायला उत्सुक असतात, पण पुढे काय करावयाचे हे त्यांना ठाऊक नसते. आणि दुःखाची गोष्ट ही की पुष्कळदा ते घरच्या मंडळींनाही ठाऊक नसते.

नाशिकचा धर्मप्रांत वयाने तसा लहान आहे. १५ मे १९८७ रोजी तो पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढण्यात आला, येशूसंघाचे थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले, आणि नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव व नंदुरबार हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत आले. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेस आणि सप्टेंबरात हरेगावी मतमाउलीच्या यात्रेस लोटणारा जनसमुदाय पाहिला म्हणजे हा समाज मोठा वाटतो खरा, परंतु एखाद्या उपनगरातील इमारतीत रात्री दोन वाजता वडिलांचा प्राण गेला असता त्या समुदायापैकी कोणीही जवळ नसतो. त्या रात्री उपयोगी पडते ती आधी करून ठेवलेली तयारी. अशी तयारी करणे हे अशुभ आहे, आजाऱ्याच्या मरणाची वाट पाहण्यासारखे आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. मला ते सर्वथा उलट वाटते. कॅथलिक अंत्यविधी ही मृतासाठी देवापाशी केलेली प्रार्थना आहे, त्याच्या गुणगौरवाचा तो समारंभ नाही, आणि ज्याच्यासाठी प्रार्थना करावयाची त्याला ती कशी व्हावी असे वाटते हे त्याच्या हयातीत विचारणे यापरते मोठे प्रेम कोणते?

फ्रान्सिस पोपमहोदयांनी हेच केले होते. २९ जून २०२२ रोजी त्यांनी आपले मृत्युपत्र लिहून ठेवले. रोममधील सांता मारिया माज्जोरे या मरियामातेच्या मंदिरात, जमिनीत, साधी, सजावटीवाचूनची कबर असावी आणि तिच्यावर केवळ आपले लॅटिन नाव कोरावे, एवढीच त्यांची मागणी होती. सुरू, शिसे आणि ओक अशा तीन पेट्यांत एकात एक पोपचा देह ठेवण्याची परंपरा त्यांनी २०२४ साली सुधारलेल्या विधिग्रंथातून काढून टाकली होती. २१ एप्रिल २०२५ रोजी ते निवर्तले तेव्हा त्यांच्यासाठी आत जस्ताचे अस्तर असलेली एकच लाकडी पेटी पुरेशी ठरली. सर्वसामान्य घरात असे मृत्युपत्र नको. वहीचे एक पान बस्स आहे. बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये झाला, सध्या नाव कोणत्या धर्मग्रामाच्या नोंदीत आहे, कुटुंबाची कबर कोठे आहे, दफन हवे की दहन, नेत्रदान करावयाचे आहे काय, कोणती गीते गावीत आणि कोणाला अवश्य कळवावे, एवढा मजकूर त्या पानावर आजाऱ्याच्या स्वतःच्या किंवा मुलाच्या हस्ताक्षरात असावा आणि ते पान घरच्या दस्तऐवजांत, सर्वांना सापडेल अशा जागी ठेवावे.

परंतु खरी पूर्वतयारी कागदाची नव्हे, आजाऱ्याची आहे. आणि येथेच सर्वांत मोठी हयगय होते. आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार हा केवळ शेवटच्या श्वासाचा संस्कार आहे, फादरांना बोलावले म्हणजे आजारी माणूस घाबरेल, अशी एक समजूत घराघरांत रुजलेली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. आजारपणामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका उत्पन्न होऊ लागला की तो घेण्याची योग्य वेळ आलीच म्हणून समजावे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी तो घेता येतो, प्रकृती अधिक बिघडली तर पुन्हा घेता येतो, आणि जराजर्जर झालेल्या आजीला विशेष आजार नसतानाही देता येतो. धर्मगुरू कपाळाला व तळहातांना तेल लावून प्रार्थना करतो. हे तेल पवित्र सप्ताहाच्या सुमारास बिशपांनी आशीर्वादित केलेले असते. मात्र एक मर्यादा आहे: संस्कार जिवंतांसाठी असतात. प्राण गेल्यावर बोलावलेला धर्मगुरू मृतासाठी प्रार्थना करील, पण तेल लावणार नाही, आणि मग घरच्यांच्या मनाला जी चुटपुट लागते ती वर्षानुवर्षे जात नाही.

मरणासन्न माणसासाठी यापुढचा आणि अखेरचा संस्कार म्हणजे पाथेय, अर्थात प्रवासाची शिदोरी म्हणून दिलेले ख्रिस्तशरीर. शुद्ध हरपण्यापूर्वी पापनिवेदन, मग तैलाभ्यंग आणि मग पाथेय असा क्रम साधावा म्हणून फादरांना दोन दिवस आधी बोलावणे हे दोन तास उशिरा बोलावण्यापेक्षा शतपटीने बरे. अतिदक्षता विभागात भेटीच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून डॉक्टरांना वा परिचारिकेला तसे आधी सांगून ठेवावे. अडवणूक सहसा होत नाही. ज्याला घास गिळता येत नाही त्याला पवित्र द्राक्षारसाचा थेंब देण्याची मुभा चर्चने ठेवलेली आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आणि धर्मगुरू येऊ शकला नाही तरी उशाशी बसलेल्या मुलीने किंवा सुनेने हातात क्रूस देऊन मरणाऱ्याच्या कानाशी येशूचे व मरियेचे नाव हळू आवाजात घेत राहावे. मरणोन्मुखाला देवाच्या हाती सोपविण्याच्या प्रार्थना सामान्य श्रद्धावंतालाही म्हणता येतात.

मृत्यू झाल्यावरच्या पहिल्या काही तासांत धर्म आणि सरकारदप्तर ही दोन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. रुग्णालयात मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला तेथेच मिळतो. घरी झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलावून तो घ्यावा लागतो, आणि त्याशिवाय दफनभूमीत वा स्मशानात पुढे सरकता येत नाही. अपघात, बुडणे, भाजणे किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा पंचनामा व शवविच्छेदन हे अटळ आहे. तेथे घाई करून उपयोग नाही, फादरांना तशी वेळ कळवावी म्हणजे झाले. नेत्रदान करावयाचे असल्यास सुमारे सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. चर्चचा अवयवदानाला विरोध नाही, उलट ती परोपकाराची कृती मानली जाते. वैद्यकीय शिक्षणासाठी देहदान केले तरी मृतासाठी मिस्सा होऊ शकतो.

आत्महत्येविषयी येथेच बोलणे आवश्यक आहे, कारण या एका गोष्टीपायी कितीतरी घरे शरमेने फादरांकडे जाण्याचे टाळतात. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास चर्चचे दफन नाकारलेले होते, आणि जुन्या माणसांच्या आठवणीत तीच कठोरता घर करून आहे. १९८३ च्या संहितेत ती तरतूद नाही. मनाची तीव्र व्यथा, भय, छळ यांनी माणसाची जबाबदारी उणावते असे चर्चची शिकवण आज सांगते, अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये असे बजावते, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करते. म्हणून अशा घराने काहीही न लपविता धर्मगुरूला खरे सांगावे, आणि आपल्या मुलासाठी पूर्ण विधी मागावा.

वेळ ठरविताना परदेशी असलेल्या मुलाची वाट पाहायची की नाही हा प्रश्न हल्ली जवळजवळ प्रत्येक घरात उभा राहतो. शीतपेटी भाड्याने मिळते, शवागाराची सोय होते, म्हणून एकदोन दिवस थांबता येते. मात्र चर्चला कळविण्यापूर्वीच ‘माती उद्या चार वाजता’ असा निरोप फोनवरून सर्वत्र पाठवून मोकळे होणे हे अनुचित आहे. धर्मगुरू एकटा असतो, त्याच्याकडे त्या वेळी एखादा विवाह असू शकतो, आणि चर्चच्या पंचांगाचेही काही नियम आहेत. पवित्र गुरुवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, नाताळासारख्या बंधनकारक महोत्सवाच्या दिवशी, तसेच आगमनकाळ, उपवासकाळ व पुनरुत्थानकाळ यांतील रविवारी अंत्यविधीचा मिस्सा होत नाही. त्या दिवशी दफन होऊ शकते, शास्त्रपाठ व प्रार्थना होतात, मिस्सा मागाहून सोयीच्या दिवशी होतो. हे आधी ठाऊक नसले की गुड फ्रायडेला आई वारलेल्या घराला चर्चने आपल्याशी दुजाभाव केला असे उगीच वाटत राहते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १५ ऑगस्ट १९६९ रोजी, अंत्यविधीचा नवा ग्रंथ रोममध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुख्य रूपात तीन मुक्काम सांगितले आहेत: घर, चर्च आणि कबर. या संपूर्ण विधीतून ख्रिस्ती मृत्यूचा पुनरुत्थानाशी असलेला संबंध अधिक ठळकपणे प्रकट व्हावा आणि त्या त्या प्रदेशाच्या परंपरांना त्यात स्थान मिळावे, असा परिषदेचा आदेश होता. त्यापूर्वी मृतांचा मिस्सा लॅटिनमध्ये, काळ्या वस्त्रांत होत असे आणि न्यायाच्या दिवसाचे भयंकर चित्र रेखाटणारे एक प्रदीर्घ गीत त्यात गायिले जाई. ते गीत आता वगळले गेले आहे, विधी मराठीत होतो, आणि काळ्याबरोबरच जांभळा व पांढरा रंगही ग्राह्य आहे. ज्या आजोबांनी आपल्या वडिलांची माती जुन्या पद्धतीने पाहिली त्यांना हा बदल प्रथम परका वाटला असेल. तथापि आपल्या भाषेत आपल्या माणसासाठी प्रार्थना करता येणे ही काही लहानसहान गोष्ट नाही.

घरच्या मुक्कामाला फार सजावट लागत नाही. देहाला स्नान घालून स्वच्छ वस्त्रे चढवावीत, हातात जपमाळ गुंफावी, उशाशी क्रूस व मेणबत्ती असावी, आणि शेजारच्या कॅथलिक घरांना जपमाळेसाठी बोलवावे. नाशिकसारख्या ठिकाणी पुष्कळदा या रात्री एकाच खोलीत मराठी, कोकणी, मल्याळी आणि इंग्रजी अशा चार भाषांचे लोक बसलेले असतात. तेव्हा जपमाळेचे एकेक रहस्य एकेका भाषेत म्हणावे, म्हणजे कोणीही पाहुण्यासारखा मुकाट्याने बसत नाही. आलेल्या हिंदू वा मुसलमान शेजाऱ्यांनी फुले वाहिली, हात जोडले, तर त्यात गैर असे काहीही नाही.

चर्चमधील विधी हा या सगळ्याचा गाभा होय. दाराशी धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडून देहाचे स्वागत करतो, कारण बाप्तिस्म्याच्या वेळीही याच पाण्याने त्या माणसाचे स्वागत झालेले असते. पेटीजवळ पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती तेवत ठेवलेली असते. सामान्य श्रद्धावंताचे पाय वेदीकडे ठेवतात, म्हणजे जन्मभर तो ज्या दिशेला तोंड करून उभा राहिला तीच दिशा कायम राहते. धर्मगुरूचा देह असेल तर जुन्या रिवाजाप्रमाणे उलट, लोकांकडे तोंड असलेला. शास्त्रपाठ निवडण्याचा अधिकार मात्र कुटुंबाचा आहे आणि तो बजावला पाहिजे. पहिल्या पाठासाठी ईयोब, यशया किंवा ज्ञानग्रंथ यांतील उतारे आहेत, दुसऱ्यासाठी पौलाची रोमकरांस वा करिंथकरांस पत्रे आहेत, शुभवर्तमानात लाजराच्या मरणाचा प्रसंग किंवा पित्याच्या घरातील जागांविषयीचा येशूचा संवाद घेता येतो. पुनरुत्थानकाळात मृत्यू झाला तर पहिला पाठ जुन्या करारातून न घेता प्रेषितांची कृत्ये किंवा प्रकटीकरण यांतून घेतात. एक व्यावहारिक सूचना: आपल्याकडे अनेक घरांत प्रोटेस्टंट नातेवाइकांचे बायबल असते, त्यात ज्ञानग्रंथ हे पुस्तकच नसते, म्हणून वाचणाऱ्या भाच्याला आदल्या दिवशी कॅथलिक बायबलमधील पान काढून द्यावे. वाचणारा असा निवडावा की ज्याचा आवाज वेदीपाशी फुटणार नाही, मग तो सख्खा मुलगा नसला तरी चालेल.

भाषणांचा प्रश्न नाजूक आहे. मिस्सातील प्रवचन शास्त्रवचनांवर असावे, ते मृताच्या स्तुतीचे भाषण होऊ नये, असा चर्चचा नियम आहे, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. स्तुती सुरू झाली की माणसाची परीक्षा सुरू होते: कोणी जास्त बोलले, कोणी कमी बोलले, मोठ्या पदावरच्या माणसासाठी सात वक्ते आणि कामवाल्या मावशींसाठी एकही नाही. प्रार्थनेत ही विषमता शिल्लक राहत नाही. जे शब्द बिशपांच्या पेटीजवळ म्हटले जातात तेच मावशींच्या पेटीजवळ म्हटले जातात. तरीही प्रेमाला बोलावेसे वाटते हे खरेच आहे, आणि त्यासाठी ख्रिस्तशरीर-ग्रहणानंतरच्या प्रार्थनेनंतर कुटुंबातील एकाने थोडक्यात आठवण सांगण्यास बहुतेक धर्मगुरू संमती देतात. थोडक्यात म्हणजे तीन-चार मिनिटे, लिहून आणलेली. बाकीच्या आठवणी आदल्या रात्री घरी सांगाव्यात. तेथे वेळेचे बंधन नसते. गीतांच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. मृताला आवडणारे चित्रपटगीत घरी अवश्य लावावे, चर्चमध्ये उपासनेचीच गीते असावीत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर इतकी रुळलेली आहेत की ती सुरू झाल्यावर गायकवृंद लहान असला तरी उणे काही वाटत नाही.

मग अखेरचा निरोप. मिस्सा संपल्यावर धर्मगुरू पेटीभोवती पवित्र पाणी शिंपडतो, धूप देतो, कारण हा देह पवित्र आत्म्याचे मंदिर होता. आणि मंडळी मृताला देवाच्या हाती सोपवितात. तेथून दफनभूमीकडे. कबर खणण्याची व्यवस्था, पेटी, माणसे, गाडी ही सगळी कामे एका जबाबदार नातेवाइकाकडे द्यावीत, घरच्या मुलांना त्यांत गुंतवू नये. शहरातील जागा अपुऱ्या पडू लागल्यामुळे कबर कायमची की ठरावीक वर्षांनी पुन्हा उघडण्याजोगी, याची चौकशी धर्मग्रामाच्या कचेरीत आधीच करावी. मुंबई व गोवा येथे कबरींचा पुनर्वापर सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे, नाशिकच्या कुटुंबाला तो अकस्मात कळला तर धक्का बसतो. पेटीवर हजारो रुपये खर्च करण्याचे मला काहीही प्रयोजन दिसत नाही. साध्या लाकडाची पेटी मातीत लवकर मिसळते. रोगण, धातूच्या मुठी आणि प्लास्टिकचे अस्तर हे मृताच्या कामाचे नसते आणि जमिनीच्या हिताचे तर नाहीच. कबरीला आशीर्वाद दिल्यावर प्रत्येकजण मूठमाती देतो. या क्षणी जात, धर्म, नाते कोणी पाहत नाही, आणि पाहूही नये.

धर्मगुरू पोहोचू शकत नसेल अशा दूरच्या वस्तीत कॅटेकिस्ट किंवा नेमलेला श्रद्धावंत कबरीपाशी प्रार्थना चालवितो, आणि त्याने त्या विधीला बाध येत नाही. याविषयी शंका असणाऱ्या नाशिककराने आपल्याच गावचा एक इतिहास आठवावा. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड प्राइस यांनी शरणपूरची वसाहत स्थापन केली; गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकन मुले पुढे तेथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंगस्टन या संशोधकाच्या शेवटच्या प्रवासात होता. १ मे १८७३ च्या सुमारास, आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टनने प्राण सोडला तेव्हा जवळ कोणीही पाद्री नव्हता. सोबत्यांनी त्याचे हृदय झाडाखाली पुरले, नाशिकला शिकलेल्या वेनराइटने दफनाच्या प्रार्थना वाचल्या आणि झाडावर लेख कोरला. मग देह सुकवून, गुंडाळून, कित्येक महिने पायी चालत त्यांनी तो समुद्रकिनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत तो पुरला गेला त्या वेळी पेटीजवळ चालणाऱ्यांत वेनराइट होता. वेनराइट कॅथलिक नव्हता, अँग्लिकन परंपरेतला होता. परंतु ज्याला प्रार्थना वाचता येते त्याने ती वाचली पाहिजे आणि मृताला एकटे सोडता कामा नये, हे कर्तव्य त्या तरुणाने जितके पूर्णत्वाने बजावले तितके क्वचितच कोणी बजावले असेल.

दहनाचा प्रश्न नाशिकमध्ये जितक्या वेळा विचारला जातो तितका इतरत्र क्वचितच विचारला जात असेल. ज्या १८८६ साली पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला त्याच वर्षी रोमने कॅथलिकांना दहनास मनाई केली. त्या काळी युरोपात पुनरुत्थानावरील श्रद्धेचा उपहास करण्यासाठी काही मंडळी दहनाचा पुरस्कार करीत, त्यांच्या विरोधात ती मनाई होती; गोदावरीच्या काठी सहस्रावधी वर्षे चालत आलेल्या अग्निसंस्काराशी तिचा काही संबंध नव्हता, पण तिची झळ येथल्या ख्रिस्ती माणसाला लागलीच. प्रोटेस्टंट असल्यामुळे नारायण वामन टिळकांवर हे बंधन नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करून अस्थी अहमदनगरला नेण्यात आल्या. भारतीय राहूनच ख्रिस्ती होण्याचा जो ध्यास त्यांनी आयुष्यभर घेतला त्याला ते साजेसेच होते. कॅथलिकांसाठी ही वाट १९६३ साली खुली झाली: श्रद्धेचा द्वेष हे कारण नसेल तर दहनास हरकत नाही, मात्र दफनाला चर्च अधिक पसंती देते. आज नाशिकमध्ये एखाद्या कॅथलिक कुटुंबाने जागेच्या अडचणीमुळे वा मृताच्या इच्छेमुळे विद्युतदाहिनीचा पर्याय घेतला तर त्याने चर्चमधील मिस्सा शक्यतो आधी, देहासमोर व्हावा एवढे पाहावे.

आणि मग रामकुंड. मुलांपैकी कोणाची सासुरवाडी हिंदू असते, नदी घरापासून हाकेच्या अंतरावर असते, आणि रक्षा गोदावरीत सोडावी असे कोणी सुचवितेच. चर्चचे उत्तर नकाराचे आहे, आणि ते २०१६ साली रोमने पुन्हा स्पष्टपणे दिले: रक्षा पाण्यात, वाऱ्यावर वा जमिनीवर विखुरू नये, घरात ठेवू नये, ती पवित्र स्थळी, दफनभूमीत वा चर्चने राखून ठेवलेल्या जागी असावी. २०२३ च्या अखेरीस थोडी सवलत मिळाली. मृताच्या जीवनाशी निगडित अशा ठिकाणी रक्षेचा अगदी अल्प अंश ठेवण्याची विनंती कुटुंबाने केल्यास धर्माधिकारी तिचा विचार करू शकतात. नदीला येथे कोणी कमी लेखत नाही. देहाला जागा असावी, मृताचे नाव असावे, पुढच्या पिढीला तेथे जाऊन उभे राहता यावे, एवढा साधा हेतू या नियमामागे आहे. ज्या हिंदू जावयाला हे खटकते त्याला हे कारण समजावून सांगितले तर तो ते समजून घेतो. नियमाचा आकडा फेकला तर घेत नाही.

मिश्र कुटुंबांत याहून अवघड पेच पडतात. पती कॅथलिक आणि पत्नी बाप्तिस्मा न घेतलेली असेल, आणि पत्नी आधी गेली, तर तिच्यासाठी तिच्या माहेरच्या प्रथेप्रमाणे संस्कार होणे हे योग्यच. पतीने तिच्यासाठी मिस्सा सांगावा, कारण मिस्सा कोणासाठीही, जिवंत वा मृत, अर्पण करता येतो. बाप्तिस्म्याची तयारी करीत असतानाच मृत्यू आलेल्याला चर्च आपल्यापैकीच समजून दफन देते, आणि बाप्तिस्मा देण्याचा आईबापांचा विचार होता पण बाळ त्याआधी गेले, अशा बाळालाही बिशपांच्या अनुमतीने ख्रिस्ती अंत्यविधी मिळतो. ही शेवटची गोष्ट प्रसूतिगृहातून रिकाम्या हाताने परतलेल्या आईला कोणी वेळीच सांगितली तर तिचे दुःख नाहीसे होणार नाही, पण तिच्या बाळाला देवाघरी जागा नाही हा विचार तरी तिला छळणार नाही.

पैशाविषयी एकच सांगतो. १९८३ च्या संहितेचा ११८१ वा नियम असा आहे की गरिबाला योग्य अंत्यविधीपासून वंचित ठेवले जाऊ नये. ज्याच्याजवळ नाही त्याने फादरांना निःसंकोच सांगावे. ज्याच्याजवळ आहे त्याने फुलांच्या ढिगाऐवजी धर्मग्रामातील दुसऱ्या एखाद्या गरीब घराच्या पेटीचा खर्च उचलावा.

दफनानंतर राहते ती मृत्यूची नोंद; ती मृत्यूपासून २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. रुग्णालयातील मृत्यू रुग्णालय कळविते, घरचा असल्यास कुटुंबप्रमुखाने महापालिकेच्या आपल्या विभागीय कार्यालयात कळवावा, कारण मुदत टळली की विलंबशुल्क आणि वरिष्ठांची परवानगी असे फेरे सुरू होतात. धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीतही नाव चढले की नाही हे पाहून घ्यावे. वारसाहक्काला नव्हे, पण नातवंडांना आपले मूळ शोधताना तीच वही उपयोगी पडते. त्यानंतर सातव्या आणि तिसाव्या दिवसाचा मिस्सा, मग वर्षश्राद्धासारखा वार्षिक मिस्सा. शुद्धिस्थानातील आत्म्यांसाठी १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन प्रार्थना करणाऱ्यास, पापनिवेदन, ख्रिस्तशरीर-ग्रहण आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या अटी पाळल्या असता, मृतांच्या वतीने पूर्ण दंडमाफी मिळते. या आठवड्यात आपल्या माणसाच्या कबरीवर कोण आणि कोणत्या दिवशी जाणार हे कुटुंबाने आधीच आपापसात ठरवून ठेवावे. राहाता-श्रीरामपूरकडे ज्यांच्या कबरी आहेत अशा नाशिकच्या घरांनी तर विशेष करून, कारण २ नोव्हेंबरला सर्वांना रजा मिळतेच असे नाही.